आठ रुपयांचे ऋण

नेतृत्व जन्मजात असते की परिस्थितीतून घडते, हा वाद जुना आहे आणि तो लवकर निकालात निघेल असे दिसत नाही. एवढे मात्र खरे की, माणूस ज्या घरात वाढतो, ज्या गोष्टींची त्याला उणीव भासते आणि ज्यांच्या आधाराने तो वर येतो, त्या सर्वांची छाया त्याच्या पुढील कर्तृत्वावर पडल्यावाचून राहत नाही. प्रश्न उरतो तो, त्या अनुभवाचे तो पुढे काय करतो हा. हलाखीत वाढलेले सगळेच गरिबांचे कैवारी होत नाहीत. कित्येकांना ते दिवस विसरण्यातच धन्यता वाटते, तर काहींच्या मनात त्यांचा कडवटपणा तेवढा शिल्लक राहतो. स्वतःच्या अनुभवातून सार्वजनिक प्रश्न ओळखणारे आणि त्यासाठी आयुष्य वेचणारे विरळा. नामदार गोपाळ कृष्ण गोखले हे अशा विरळांपैकी एक होते.

गोखल्यांचे नाव काढले की डोळ्यांसमोर उभे राहते ते कौन्सिलात आकडेवारीच्या आधारे बोलणाऱ्या, सौम्य प्रकृतीच्या मवाळ पुढाऱ्याचे चित्र. ते चित्र खोटे नाही, पण अपुरे आहे. त्या आकड्यांच्या मागे एका कारकुनाच्या घरातील जमाखर्च होता, हे ध्यानात घेतल्यावाचून त्या आकड्यांची धार कळत नाही.

पंधरांतील आठ

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या खेड्यात झाला. वडील कृष्णराव कागल संस्थानात नोकरीस होते. १८७९ मध्ये ते वारले तेव्हा गोपाळ अवघा तेरा वर्षांचा होता. थोरला भाऊ गोविंदराव अठरा वर्षांचा. दोघेही कोल्हापुरात शिकत होते आणि दोघांचे शिक्षण चालू ठेवणे आता घराला परवडणारे नव्हते. गोविंदरावांनी शाळा सोडली आणि कागलला दरमहा पंधरा रुपयांची नोकरी धरली. त्या पंधरांतील आठ रुपये ते गोपाळच्या शिक्षणासाठी कोल्हापूरला धाडीत आणि उरलेल्या सात रुपयांत मागे राहिलेल्या कुटुंबाचा संसार चालवीत.

या आठ रुपयांत खाणे, राहणे, फी, पुस्तके हे सारे भागवावयाचे होते. गोपाळ हाताने स्वयंपाक करी. चरित्रकारांनी नोंदविलेली एक हकीकत अशी की, एका मित्राने त्यास नाटकाला नेले आणि मागाहून तिकिटाचे दोन आणे मागितले. मित्र आपल्या खर्चाने नेत आहे अशी गोपाळची समजूत होती. ते दोन आणे भरून काढण्यासाठी त्याने दिव्याचे तेल वाचविले आणि रस्त्यावरील कंदिलाच्या उजेडात अभ्यास केला. थोर पुरुषांच्या चरित्रांत कंदिलाचा उजेड पुष्कळदा येतो आणि वाचक तो कौतुकाने वाचून पुढे जातो. येथे लक्षात ठेवावयाचे ते कौतुक नसून दोन आणे आहेत. दोन आण्यांनी महिन्याचे अंदाजपत्रक कोलमडते, हे ज्याने बालवयात अनुभवले, तोच पुढे साम्राज्याच्या अंदाजपत्रकाची चिकित्सा करावयास उभा राहिला.

१८८१ मध्ये गोपाळ मॅट्रिक झाला. पुढे कॉलेजात न जाता नोकरी धरावी आणि भावाचा भार हलका करावा, असे त्याच्या मनात होते. गोविंदरावांनी ते मानले नाही. वहिनींनी कॉलेजच्या खर्चासाठी आपले दागिने पुढे केले. कोल्हापूरचे राजाराम कॉलेज, पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज अशी मजल मारीत १८८४ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, गोपाळराव बी.ए. झाले. शिकला एक भाऊ. त्यासाठी दुसऱ्याने आपले शिक्षण सोडले आणि घरातील स्त्रीने आपले सोने दिले. या हिशेबाचा विसर गोखल्यांना कधी पडला नाही.

पंचाहत्तर रुपयांची प्रतिज्ञा

पदवीधरास त्या काळी सरकारी नोकरीची आणि वकिलीची दारे उघडी होती. घरच्यांची अपेक्षाही तीच असणे स्वाभाविक होते. गोखले मात्र न्यू इंग्लिश स्कूलमध्ये पस्तीस रुपयांवर शिक्षक म्हणून रुजू झाले. १८८६ मध्ये त्यांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्यत्व पत्करले. दरमहा पंचाहत्तर रुपयांवर वीस वर्षे सेवा करण्याची ती प्रतिज्ञा होती आणि गोविंदरावांनी तिला नाखुशीने का होईना संमती दिली. वर आलेल्या मुलाने घर वर काढावे या रास्त अपेक्षेला मुरड घालणारा हा निर्णय होता. ज्या शिक्षणाने आपणांस वर काढले ते इतरांपर्यंत पोहोचविणे हीच त्याची परतफेड, अशी गोखल्यांची धारणा त्यातून दिसते.

फर्ग्युसन कॉलेजात ते इंग्रजी, गणित, इतिहास, अर्थशास्त्र असे पडेल ते विषय शिकवीत. त्यांचे अंकगणिताचे पाठ्यपुस्तक शाळांतून पुष्कळ वर्षे चालले. सुट्टीत कॉलेजच्या इमारतीसाठी वर्गणी गोळा करीत दारोदार हिंडण्याचे कामही त्यांनी केले. १९०२ मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा त्यांना तीस रुपये पेन्शन ठरले.

या काळातील दुसरी शाळा न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची होती. १८८७ च्या सुमारास गोखले त्यांच्याकडे जाऊ लागले. सरकारी अहवाल कसे वाचावेत, अर्जातील प्रत्येक विधानामागे पुरावा कसा उभा करावा, हे शिक्षण त्यांना तेथे मिळाले. सार्वजनिक सभेचे चिटणीसपद आणि तिच्या त्रैमासिकाचे संपादन यांतून ते पक्के झाले. सरकारी हायस्कूलचे हेडमास्तर गणेश व्यंकटेश जोशी हे या कामी त्यांचे मोठे साहाय्यक होते. सरकारी नोकर असल्यामुळे उघडपणे पुढे येणे जोशींना शक्य नव्हते. त्यांनी तपासलेले आकडे गोखल्यांच्या मुखाने बोलत. गोविंदरावांप्रमाणे हाही पडद्यामागे राहिलेला हात होता.

पुराव्याची किंमत

१८९७ हे वर्ष गोखल्यांच्या आयुष्यात कसोटीचे ठरले. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी डेक्कन सभेने त्यांना विलायतेस पाठविले. वय तीस. उलटतपासणीत ते डगमगले नाहीत आणि त्यांची साक्ष नावाजली गेली. पण त्याच मुक्कामात, पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तात गोऱ्या सोल्जरांनी केलेल्या अत्याचारांविषयी आलेल्या खासगी पत्रांच्या आधारे त्यांनी काही विधाने केली. परत आल्यावर सरकारने पुरावा मागितला. माहिती देणारांची नावे उघड करणे शक्य नव्हते आणि नावांवाचून पुरावा उभा राहत नव्हता. गोखल्यांनी जाहीर माफी मागितली. देशभर त्यांच्यावर टीका झाली आणि काही काळ सार्वजनिक जीवनात त्यांची स्थिती अवघड झाली.

लोकांचे हाल खरे असले तरी ते सिद्ध करता आले नाहीत तर सत्तेपुढे त्यांचे मोल उरत नाही, हा धडा या प्रसंगाने मिळाला. त्याच सहलीत कमिशनपुढे त्यांचे जे बोलणे टिकले, ते आकड्यांवर उभे होते. पुढे कौन्सिलात त्यांचे जे वजन निर्माण झाले, त्यात स्वभावातील ऋजुतेइतकाच या धड्याचाही वाटा असला पाहिजे.

शेरामागे एक आणा

२६ मार्च १९०२ रोजी व्हाइसरॉयच्या कौन्सिलात गोखल्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. सरकारी तिजोरीत कोट्यवधींची शिल्लक होती आणि ती भरभराटीची खूण म्हणून मिरविली जात होती. १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा दोन भीषण दुष्काळांतून देश नुकताच बाहेर पडला होता. मग ही शिल्लक आली कोठून?

गोखल्यांनी दिलेले उत्तर अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने आजही अभ्यासावे असे आहे. चांदीचा भाव घसरल्यामुळे रुपयाची किंमत तेरा पेन्सांपर्यंत उतरली होती. विलायतेत भरावयाच्या दर पौंडापोटी सरकारला तेव्हा सुमारे साडेअठरा रुपये मोजावे लागत. ही तूट भरून काढण्यासाठी कर वाढविले गेले. १८८८ मध्ये मिठावरील कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपयांवर नेला गेला. पुढे टांकसाळी बंद करून रुपया सोळा पेन्सांवर आणण्यात आला, पौंडाला पंधरा रुपये पुरू लागले आणि सरकारचा खर्च वाचला. कर मात्र होते तेथेच राहिले. शिल्लक वाढली ती या कारणाने. रयत श्रीमंत झाली म्हणून ती वाढलेली नव्हती.

मणामागे अडीच रुपये म्हणजे शेरामागे एक आणा. सरकारी कागदात हा आकडा क्षुल्लक दिसतो. सात रुपयांत संसार चालविणाऱ्या घरात तो क्षुल्लक नसतो. मिठावाचून कोणाचेच चालत नाही, म्हणून हा कर गरिबाला टाळता येत नाही आणि श्रीमंताला जाणवत नाही. गोखल्यांनी तो कमी करण्याची मागणी वर्षानुवर्षे लावून धरली. १९०३ मध्ये दर दोन रुपयांवर, १९०५ मध्ये दीड रुपयावर आणि १९०७ मध्ये एक रुपयावर आला. म्हणजे शेरामागे पाच पैंपेक्षाही कमी.

दुसरी मागणी प्राप्तिकराची होती. वर्षाला पाचशे रुपये मिळविणाऱ्यासही तेव्हा हा कर भरावा लागे. ही मर्यादा हजारावर न्यावी, असे गोखल्यांनी सुचविले आणि १९०३ मध्ये ती तशी नेण्यात आली. दरमहा पंचाहत्तर रुपये मिळविणाऱ्याचे वार्षिक उत्पन्न नऊशे होते. शिक्षक आणि कारकून यांचा एक मोठा वर्ग त्यामुळे या करातून सुटला. या सवलतींचे सारे श्रेय एकट्या गोखल्यांचे नव्हे. पण त्या मागण्यांना आकड्यांचे बळ देणाऱ्यांत ते अग्रभागी होते, हे निर्विवाद आहे.

तेरा विरुद्ध अडतीस

तथापि गोखल्यांच्या आयुष्याचे सार जर कोठे सापडत असेल, तर ते त्यांच्या यशात नव्हे, एका पराभवात सापडते. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. त्याची रचना अत्यंत सावध होती. स्थानिक संस्थांनी, सरकारच्या संमतीने, आपापल्या क्षेत्रात सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी शिक्षण सक्तीचे करावे आणि खर्च सरकार व स्थानिक संस्था यांनी वाटून घ्यावा, अशी ती योजना होती. ज्या घराचे उत्पन्न दरमहा दहा रुपयांपेक्षा अधिक नाही, त्या घरच्या मुलास फी माफ असावयाची होती.

सरकारी सभासदांनी विरोध केला आणि बिनसरकारी सभासदांतीलही कित्येकांनी त्यांना साथ दिली. शेतावर आणि कारखान्यांत राबणारी मुले शाळेत गेली तर काम कोणी करावयाचे, ही चिंता अनेकांना होती. १९ मार्च १९१२ रोजी तेरा विरुद्ध अडतीस मतांनी विधेयक फेटाळले गेले.

एका मुलाच्या शिक्षणासाठी दुसऱ्याने शाळा सोडावी, हा व्यवहार भावाच्या प्रेमामुळे उदात्त वाटतो. समाजाच्या दृष्टीने तो तोट्याचाच असतो. गोविंदराव शिकले असते तर काय झाले असते, हे कोणालाच कळणार नाही. जो भार पंधरा रुपयांच्या कारकुनाने उचलला तो सरकारी तिजोरीने उचलावा, हा या विधेयकाचा अर्थ होता. अनुभवाचे धोरणात रूपांतर होते ते असे.

या अनुभवाला मर्यादा होत्या, हेही सांगितले पाहिजे. गोखले गरीब होते, पण शाळेच्या दाराशी त्यांची जात आडवी आली नव्हती. पैसा मिळताच ज्याच्यासाठी दार उघडते तो, आणि पैसा असूनही ज्याच्यासाठी ते उघडत नाही तो, या दोघांचे दुःख एक नव्हे. अस्पृश्यांच्या उन्नतीचा प्रश्न त्यांनी १९०३ मध्ये धारवाडच्या सामाजिक परिषदेत कळकळीने मांडला. पण त्या दुःखाला आतून वाचा फोडणारे नेतृत्व त्यातूनच पोळून निघालेल्यांकडून यावयाचे होते आणि ते आले. सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण कोल्हापूर संस्थानात १९१७ मध्ये लागू झाले. ते करणारे शाहू महाराज कागलच्याच घाटगे घराण्यातून कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आलेले होते. मुंबई इलाख्यात नगरपालिकांना तसा अधिकार देणारा कायदा १९१८ मध्ये झाला. हे पाहण्यास गोखले नव्हते. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे पुण्यात निधन झाले होते. आदल्या वर्षी देऊ केलेला ‘सर’ हा किताब त्यांनी नाकारला होता.

त्यांच्या मागे राहिली ती १९०५ मध्ये स्थापन केलेली भारत सेवक समाज ही संस्था. अल्प वेतनावर आयुष्यभर देशकार्य, आणि त्यापूर्वी काही वर्षे देशाच्या प्रश्नांचा कसून अभ्यास, ही तिची शिस्त होती. कामगार चळवळीतील नारायण मल्हार जोशी आणि आदिवासींत आयुष्य घालविणारे ठक्करबाप्पा हे तिचेच सदस्य. केवळ कळवळा पुरेसा नाही आणि केवळ विद्वत्ताही पुरेशी नाही, हे गोखल्यांच्या आयुष्याचे सूत्र या संस्थेने नियमबद्ध केले.

सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा स्वतंत्र भारतात १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. गोखल्यांच्या विधेयकाच्या पराभवानंतर अठ्ठ्याण्णव वर्षांनी. पण चौदाव्या वर्षानंतर अनेक घरांत गोविंदरावांचा प्रसंग आजही येतो. एकाने शिकावे म्हणून दुसरा थांबतो आणि थांबणारी पुष्कळदा मुलगी असते. शिकून नोकरीला लागलेल्या, वरच्या पदावर चढलेल्या माणसाला आपले यश आपल्याच गुणांचे फळ वाटणे सोपे असते. गोखल्यांना तसे वाटले नाही. आपल्या वाढीचा खर्च कोणी सोसला हे त्यांनी मोजून ठेवले आणि ते ऋण भावापुरते न ठेवता देशाच्या जमाखर्चात मांडले. ते मांडण्याचे काम अद्याप संपलेले नाही.