खराटा हाती घेतलेला कीर्तनकार



कीर्तनास उभे राहण्यापूर्वी आम्ही उपरणे सारखे करतो, बुक्का लावून घेतो, हार आला की मान लववितो. ही आमची पूर्वतयारी. परंतु वऱ्हाडात एक असे कीर्तनकार होऊन गेले, की ज्यांची पूर्वतयारी म्हणजे गावची घाण काढणे. त्यांचेच चरित्र आज सांगावयाचे आहे, आणि सांगता सांगता आमचे मापही आम्हांस पाहून घ्यावयाचे आहे.

श्रीसंत गाडगेबाबा यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे परीट कुळात झाला. नाव डेबूजी, वडील झिंगराजी जानोरकर, आई सखुबाई. वडील दारूपायी अकाली गेले. आई लेकरास घेऊन माहेरी दापुरे येथे आली. मामांची गुरे राखावी, नांगर धरावा, यातच बालपण सरले. शाळा कुठली हो! कागद वाचता येत नसला म्हणजे सावकार कुणब्याची जमीन कशी गिळतो, हे त्या मुलाने आपल्याच घरात पाहिले. आम्ही पाठशाळेत बसून कौमुदी घोकली, काव्ये पाठ केली. बाबांची पाठशाळा ही अशी होती.

पुढे लग्न झाले, संसार झाला. मुलीचे बारसे आले. जातीच्या चालीप्रमाणे त्या दिवशी भावकीला मटण आणि दारू द्यावयाची. डेबूजींनी गोडाचे जेवण वाढले. भावकी रुसली, बोलली. पण ज्या दारूने बाप नेला ती आपल्या दारात वाढायची नाही, असा त्यांचा निश्चय. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बाबांनी लोकांस दारू सोडा म्हणून सांगितले ते पुष्कळ पुढे. आधी ती स्वतःच्या पंगतीतून काढली. घरी एक आणि व्यासपीठावर दुसरे, असा त्यांचा व्यवहार नव्हता.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, एका हातात मातीचे गाडगे आणि दुसऱ्या हातात खराटा. गाडग्यावरूनच लोकांनी नाव ठेवले. गावात शिरले की आधी रस्ते झाडावयाचे, गटारी मोकळ्या करावयाच्या. रात्री गोपाळाचा गजर आणि कीर्तन. कीर्तनात ते शास्त्रार्थ सांगत नसत, प्रश्न विचारीत. कर्ज काढून सण का करता, देवाच्या नावाने मुके जनावर का मारता, पोराला शाळेत का घालीत नाही, असे वऱ्हाडी बोलीत विचारावे आणि उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून काढावे. कोणी पाया पडू लागला तर पडू देत नसत. आपण कोणाचे गुरू नाही आणि आपला कोणी शिष्य नाही, असे ते स्पष्ट सांगत.

पंढरीच्या वारीत ते येत, परंतु दर्शनाच्या गर्दीत न शिरता वाळवंट झाडीत, असे सांगतात. उन्हापावसात उघड्यावर पडलेला वारकरी त्यांस दिसला, म्हणून पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. आमच्या ज्या बांधवांना त्या काळी अस्पृश्य म्हणून राउळाची पायरी बंद होती, त्यांच्यासाठी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली. राउळ त्यांना उघडले ते १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. बाबांनी छप्पर त्याच्या कितीतरी आधी दिले. आणि १९४९ साली ती धर्मशाळा डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली, मुलांच्या शिक्षणासाठी. या सगळ्या इमारतींवर आपल्या बायकापोरांचा, नातलगांचा कवडीचाही हक्क त्यांनी ठेवला नाही.

१९२३ साली त्यांचा एकुलता मुलगा गोविंदा वारला. कोकणात खारेपाटण येथे कीर्तन चालू असताना ती वार्ता आली. बाबांनी कीर्तन थांबविले नाही. हे आम्हांस साधेल काय? नाही साधणार, हे आम्ही प्रांजळपणे लिहितो. परंतु जे साधण्यासारखे आहे तेही आमच्या हातून राहून गेले, ते सांगतो.

काही वर्षांमागे एका सप्ताहात आम्ही भूतदयेवर निरूपण केले. रंग चढला, लोक माना डोलवू लागले, आणि दोन तासांचे कीर्तन आम्ही तीन तासांवर नेले. माउली, कीर्तनकार हिंडत फिरत बोलतो, पण मागे टाळकरी एका जागी उभे असतात. त्यांतील एक पोर डुलत होते. आम्हांस वाटले, रंगले आहे. सकाळी कळले की शेताला वीज रात्रीची असल्याने ते आदली रात्र पाणी धरण्यात जागले होते, आणि आमचे कीर्तन आटोपून पुन्हा मोटर चालू करायला गेले होते. गेले तेही उपाशीच, कारण पंगत उशिरा बसली. आणि आम्ही मात्र त्या वेळी हार घालून पहिल्या पाटावर होतो! दयेवर तीन तास बोललो, पण पाठीमागे वळून एकदा पाहिले नाही. त्या दिवशी बाबांचा खराटा आम्हांस फार आठवला. तेव्हापासून वेळ झाली की आम्ही आवरते घेतो आणि पंगतीत टाळकरी बसल्याशिवाय पाटावर बसत नाही. एवढेच जमले आहे.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे, पेढी नदीच्या पुलापाशी, प्रवासातच बाबांनी देह ठेवला. ज्यांना शाळा मिळाली नाही त्यांचे नाव आज अमरावतीच्या विद्यापीठास आहे.

असो. येत्या वारीत आपण वाळवंटात उतराल तेव्हा आपली पत्रावळ आपण उचलावी, शेजारच्या म्हातारीचीही उचलावी. रात्री धर्मशाळेत उशिरा आलेल्यास सरकून हातभर जागा द्यावी. कीर्तनकार लांबवू लागला तर टाळकऱ्यांकडे बोट दाखवावे. तो कीर्तनकार आम्ही असलो तरी संकोच करू नये.

रामकृष्णहरी.