दोस्तोयेव्हस्की आणि ईयोबाची मुले

ईयोबाच्या पुस्तकाच्या अखेरीस परमेश्वर त्याला पुन्हा सात पुत्र आणि तीन कन्या देतो. ते वाचून आपल्याला हायसे वाटते. पण आधी दगावलेल्या दहा मुलांचे काय? त्यांना विसरून ईयोब नव्या मुलांवर माया कशी करू शकला? रशियन कादंबरीकार फ्योदोर दोस्तोयेव्हस्की यांनी आपल्या शेवटच्या कादंबरीत हा प्रश्न एका मठवाशाच्या तोंडी घातला आहे.

दोस्तोयेव्हस्कींचा जन्म १८२१ साली मॉस्कोत झाला. वडील गोरगरिबांच्या इस्पितळात डॉक्टर होते. १८४९ मध्ये सरकारविरोधी मंडळात वावरल्याबद्दल त्यांना देहान्ताची शिक्षा झाली. वधस्थानी उभे केल्यावर ती रद्द झाली आणि त्यांची रवानगी सैबेरियाच्या तुरुंगात झाली. तेथे चार वर्षे पायांत बेड्या होत्या आणि उशाखाली नवा करार. एवढ्यावरून त्यांना संत ठरवायला नको. पुढे जुगारापायी त्यांनी पत्नीचे दागिनेही गहाण टाकले.

१८६८ साली त्यांची पहिली मुलगी सोन्या अवघ्या तीन महिन्यांची असताना वारली. १८७५ मध्ये उपचारासाठी जर्मनीत असताना त्यांनी ईयोब पुन्हा हाती घेतला. वाचता वाचता ते पुस्तक बाजूला ठेवत आणि भरल्या डोळ्यांनी खोलीत येरझाऱ्या घालत. त्याच वर्षी त्यांना अल्योशा झाला. १८७८ च्या मे महिन्यात फेफऱ्याने तो गेला. फेफरे हा बापाचाच आजार. हे शल्य कोणत्या बापाला सोसवेल?

पुढच्याच महिन्यात ते ऑप्टिना मठात जाऊन वृद्ध मठवासी आंब्रोसी यांना भेटले. १८८० साली ‘ब्रदर्स कारामाझोव्ह’ पूर्ण झाली. निरपराध मुलांच्या अश्रूंच्या मोलाने मिळणारा स्वर्ग तिच्यातील इव्हान नाकारतो. हा कडवा आरोप एका श्रद्धावंताने लिहिला आहे, आणि कादंबरीत इव्हानला वादात कोणी हरवीत नाही. आम्हांला हे योग्यच वाटते. ईयोबाचे तीन मित्र देवाची बाजू मांडायला सरसावले होते. परमेश्वर कोपला तो त्यांच्यावरच. शोकाकुल घरी जाऊन, देवाची मर्जी, असे म्हणून मोकळे होणाऱ्यांनी ते प्रकरण जरूर वाचावे.

त्याच कादंबरीत एक खेडवळ आई मठवासी झोसिमा यांच्याकडे येते. तिचा मुलगा तीन वर्षांचा व्हायला तीन महिने उरले असताना वारलेला असतो. अल्योशा गेला तेव्हा तोही एवढाच होता. झोसिमा तिला रडू नकोस, असे सांगत नाहीत. बाळ देवदूतांमध्ये आहे याची आठवण ठेवून रड, असे सांगतात आणि प्रार्थनेसाठी मुलाचे नाव विचारतात. ती अलेक्सेई असे सांगते. अल्योशा हे त्याच नावाचे लाडके रूप.