मराठीची थोरवी गाणारा इंग्रज: फादर स्टीफन्स इतकी पक्की मराठी शिकले तरी कशी?

दरवर्षी २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन आला की व्हॉट्सअॅपवर काही जुन्या ओव्या फिरायला लागतात. फुलांमध्ये जसा मोगरा, तशी भाषांमध्ये मराठी, अशा अर्थाच्या. तुम्हीही कधी तरी फॉरवर्ड केल्या असतील. खाली कवीचं नाव अनेकदा नसतंच. वाचणाऱ्याला वाटतं, कुणीतरी संतकवी असणार.

त्या ओव्या लिहिणारे थॉमस स्टीफन्स इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्यात १५४९ च्या सुमारास जन्मले. ते भारतात उतरले तेव्हा वय होतं तीस.

आधी एक घोळ मिटवू. स्टीफन्स साष्टीत राहिले असं तुम्ही कुठेतरी वाचाल. आमच्या भाईंदर पश्चिमेच्या माणसाला लगेच वाटतं, अरे, हे तर आपलेच! कारण भाईंदरही साष्टी बेटावरच आहे, आणि इथून उत्तनकडे गेलं की मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती कोळ्यांची गावं लागतात. पण स्टीफन्स यांची साष्टी म्हणजे दक्षिण गोव्यातला मडगाव-राशोलचा भाग. पोर्तुगीज दोन्ही ठिकाणांना जवळपास एकच नाव देत आणि तेव्हा दोन्हीकडे राज्यही त्यांचंच होतं.

इंग्लंडमध्ये तेव्हा राणी एलिझाबेथचं प्रोटेस्टंट राज्य होतं, कॅथलिक लोकांना दिवस कठीण होते. स्टीफन्स रोमला गेले आणि १५७५ मध्ये जेझुइट संघात दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ ला लिस्बनहून जहाज सुटलं, ते २४ ऑक्टोबरला गोव्याला लागलं. साडेसहा महिने समुद्रात! या प्रवासाबद्दल त्यांनी वडिलांना लिहिलेलं पत्र पुढे इंग्लंडमध्ये छापलं गेलं. भारतात येऊन राहिलेला पहिला इंग्रज म्हणून त्यांचंच नाव घेतलं जातं. ईस्ट इंडिया कंपनी स्थापन व्हायला अजून २१ वर्षं होती.

ते ज्या गोव्यात उतरले तो शांत नव्हता. १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय सुरू झालं होतं. साष्टीतली देवळं पाडली गेली होती आणि हिंदू ग्रंथांवर बंदी होती. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार केलं. त्यानंतर पोर्तुगीजांनी तिथल्या प्रमुख गावकारांना बोलणीच्या नावाखाली असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि मारून टाकलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्टीफन्स यांनी पॅरिसमधल्या भावाला लॅटिनमध्ये पत्र लिहिलं. त्यात मारल्या गेलेल्या सहकाऱ्यांची हकिकत आहे. आणि त्याच पत्रात एक वेगळीच नोंदही आहे: इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे.

ही नोंद साधी नाही. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून आल्या असाव्यात, हे विल्यम जोन्स यांनी कोलकात्यात मांडलं ते १७८६ मध्ये. म्हणजे दोनशे वर्षांनी. आज या भाषाकुळाचं उदाहरण देताना लिथुआनियन भाषेचं नाव हमखास येतं. तिथे देवाला ‘दिएवस’, आगीला ‘उग्निस’ आणि मुलाला ‘सूनुस’ म्हणतात. आपल्याकडे देव, अग्नी आणि संस्कृतात सूनु. ऐकूनच नातं कळतं. स्टीफन्स यांना त्याची चाहूल लागली ती गोव्यात येऊन चार वर्षं झाली तेव्हा.

आता मुख्य प्रश्न. परकी भाषा बोलायला शिकणं वेगळं आणि त्या भाषेत काव्य करणं वेगळं. स्टीफन्स यांनी दोन्ही केलं, पण दोन भाषांत. साष्टीत लोक घरात कोकणी बोलत, म्हणून प्रश्नोत्तरांचं धर्मशिक्षणाचं पुस्तक त्यांनी कोकणीत लिहिलं. नव्या पाद्र्यांना शिकता यावं म्हणून कोकणीचं व्याकरणही रचलं. ते १६४० मध्ये राशोलला छापलं गेलं आणि भारतीय भाषेचं पहिलं छापील व्याकरण मानलं जातं. पुराण ऐकायचं ते मात्र मराठीत, हा तिथला रिवाज होता. म्हणून ख्रिस्ताची कथा त्यांनी मराठीत लिहिली आणि छंद घेतला ओवीचा. कुठल्या कामाला कुठली भाषा हे कळणं, ही माझ्या मते त्यांच्या अभ्यासातली सगळ्यात वरची पायरी.

हे पुराण लिहायचं कारण ते स्वतःच ग्रंथाच्या सुरुवातीला सांगतात. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांनी विचारलं की आमची जुनी पुराणं तर तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी काही देत का नाही? प्रश्न टोचणारा होता. ज्यांची पुस्तकं काढून घेतली, त्यांच्याच छंदात आणि त्यांच्याच शब्दांत उत्तर द्यायला स्टीफन्स बसले. स्वर्गाला त्यांनी शब्द वापरला तो वैकुंठ!

‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोलला छापलं गेलं. दोन भाग, ९५ अध्याय, जवळजवळ ११ हजार ओव्या. तेव्हा स्टीफन्स ६७ वर्षांचे होते. महिन्याभरात भाषा शिकवणाऱ्या अॅपच्या जाहिराती बघताना हा ३७ वर्षांचा हिशोब आठवतो.

एक इच्छा मात्र अपुरी राहिली. पुस्तकं इथल्याच लिपीत छापावीत म्हणून १६०८ मध्ये त्यांनी रोमला वरिष्ठांना लिहिलं होतं. अडचण त्यांनाही ठाऊक होती. काना, मात्रा, जोडाक्षरं धरून सुमारे ६०० खिळे पाडावे लागले असते. ते झालं नाही आणि मराठीचं हे महाकाव्य रोमन अक्षरांत छापलं गेलं.

१६१९ मध्ये स्टीफन्स गोव्यातच वारले. १६४९ आणि १६५४ मध्ये ग्रंथ पुन्हा छापला गेला. मग १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढलं की लोकांनी तीन वर्षांत स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं.

त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उरलेली नाही. टिकल्या त्या हाताने उतरवलेल्या नकला. मंगळूरकडच्या ख्रिस्ती कुटुंबांनी जपलेल्या नकलांवरून १९०७ मध्ये तिथे नवी आवृत्ती निघाली. पुढे १९२० च्या दशकात लंडनमध्ये एक देवनागरी हस्तलिखितही उजेडात आलं. त्यात पोर्तुगीज शब्दांच्या जागी संस्कृत शब्द आहेत. देवनागरी छापील आवृत्ती पुण्यात निघाली ती १९५६ मध्ये, म्हणजे पहिल्या छपाईनंतर ३४० वर्षांनी.