राखीव दलातल्या ग्रेसबाई

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा ग्रुपवर तगादा लागला, पण नुसतं स्वतःबद्दल लिहायचा संकोच वाटला. म्हणून माझ्या क्षेत्रातल्या एका बाईंबद्दल लिहिते.

ग्रेस हॉपर यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. सात वर्षांच्या असताना त्यांनी घरातली गजराची घड्याळं एकामागून एक खोलून ठेवली होती. व्हॅसर कॉलेजच्या प्रवेशाच्या वेळी त्या लॅटिनमध्ये नापास झाल्या आणि वर्षभर थांबावं लागलं. पुढे त्याच कॉलेजात त्या गणित शिकवू लागल्या. १९३४ मध्ये येल विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली.

दुसऱ्या महायुद्धात त्यांनी नौदलात जायचं ठरवलं. वय जास्त आणि वजन ठरलेल्यापेक्षा सात किलोंनी कमी! खास सवलत मिळवून डिसेंबर १९४३ मध्ये त्या नौदलाच्या राखीव दलात दाखल झाल्या. युद्धकाळात पूर्णवेळ सेवा होती. नेमणूक झाली हार्वर्डला, 'मार्क-१' या सुमारे पंधरा मीटर लांबीच्या संगणकावर.

युद्ध संपल्यावर त्यांनी नियमित नौदलात कायम होण्यासाठी अर्ज केला. तेव्हा त्या ३८ वर्षांच्या होत्या. वयाच्या कारणाने अर्ज नामंजूर झाला आणि त्या राखीव दलातच राहिल्या.

आपल्याकडे राखीव खेळाडू म्हटलं की बाकावर बसलेला, पाणी घेऊन धावणारा मुलगा आठवतो. सैन्यातलं राखीव दल तसं नसतं. तिथला माणूस एरवी आपली नोकरी करतो, ठरावीक दिवस सराव करतो आणि गरज पडली की गणवेश घालून हजर होतो. त्याचं नाव यादीत असतं.

ग्रेसबाईंनी ही मधली वर्षं वाया घालवली नाहीत. १९४९ मध्ये त्या एकर्ट-मॉकली या संगणक कंपनीत गेल्या. १९५२ मध्ये त्यांनी 'ए-०' हा कंपायलर तयार केला. मग इंग्रजी शब्दांत आज्ञा देता येणारी 'फ्लो-मॅटिक' भाषा आणली आणि तिच्या पायावर १९५९ पासून 'कोबोल' उभी राहिली.

१९६६ च्या अखेरीस, साठी गाठल्यावर, नौदलाने त्यांना कमांडर पदावरून निवृत्त केलं. हे त्यांना फार लागलं. पण ऑगस्ट १९६७ मध्ये नौदलानेच परत बोलावलं. संगणकांवरच्या कोबोलला एक शिस्त लावायची होती. बोलावणं सहा महिन्यांचं होतं. पुढे १९७१ मध्ये पुन्हा निवृत्ती आणि १९७२ मध्ये पुन्हा बोलावणं! त्या शेवटी निवृत्त झाल्या १४ ऑगस्ट १९८६ रोजी, वयाच्या ७९ व्या वर्षी, रिअर ॲडमिरल म्हणून. समारंभ बोस्टनला 'कॉन्स्टिट्यूशन' या नौदलाच्या सर्वांत जुन्या जहाजावर झाला. त्यानंतरही त्या एका संगणक कंपनीत सल्लागार होत्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचं निधन झालं.

माझी पहिली नोकरी पुण्यात, कोबोलवरच. आईला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मी ती सोडली. सहा वर्षांनी परत मुलाखती देऊ लागले. एका ठिकाणी, आमची टीम तरुण आहे, असं हसत सांगून मला चहा पाजून पाठवलं. त्या दिवशी रिक्षात मी रडले. शेवटी काम मिळालं ते एका जुन्या कोबोल प्रणालीचं, ग्रेसबाईंच्याच कृपेने म्हणा ना.

ग्रेसबाईंना परत बोलावता आलं, कारण त्यांचं नाव नौदलाकडे होतं. घरच्यांसाठी नोकरी सोडणाऱ्या आपल्या मैत्रिणींसाठी अशी यादी कुठे असते? त्या एकदम निवृत्तच धरल्या जातात.

मित्रमैत्रिणींनो, आपल्या बॅचमधले कितीतरी जण आज माणसं नेमणाऱ्या खुर्चीत बसले आहेत. समोरच्या अर्जात मधली काही वर्षं कोरी दिसली, तर तो कागद लगेच बाजूला सारू नका. तिला एकदा बोलावून बघा. आणि ज्यांची वर्षं कोरी आहेत त्यांनी थोडा सराव चालू ठेवा. बोलावणं कधी येईल सांगता येत नाही.