डॉ. रखमाबाई : एका नकाराची कहाणी

— एक विद्यार्थिनी, बी. ए. भाग २

आमच्या गावाकडे लग्न झालेल्या मुलीची चौकशी एकाच शब्दात होते. ती नांदते का, एवढेच विचारतात. नांदते म्हटले की विचारणाऱ्याचे समाधान होते. तिला तिथे जायचे होते का, आणि आता राहायचे आहे का, हे कोणी विचारत नाही. नांदत नसेल तर मात्र चौकशी लांबते आणि तिचा रोख बहुतेक वेळा मुलीकडेच असतो.

ज्या स्त्रीची कहाणी मी या लेखात सांगणार आहे, तिने सुमारे एकशे चाळीस वर्षांपूर्वी नांदायला जाण्यास नकार दिला होता. तेही घरात रडून नव्हे, तर मुंबईच्या हायकोर्टात उभे राहून. तिचे नाव रखमाबाई. पुढे ती डॉक्टर झाली, आणि आपल्या देशात प्रत्यक्ष व्यवसाय करणाऱ्या पहिल्या काही स्त्री-डॉक्टरांत तिची गणना होते. आनंदीबाई जोशींचे नाव आपल्याला शाळेपासून ठाऊक असते. रखमाबाईंचे नाव मात्र मी कारंजाच्या कॉलेजात येईपर्यंत ऐकले नव्हते.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. वडील जनार्दन पांडुरंग आणि आई जयंतीबाई. घराणे सुतार जातीचे. रखमा अगदी लहान असतानाच वडील वारले. आई तेव्हा स्वतःच कोवळ्या वयाची होती. सुतार समाजात विधवेच्या पुनर्विवाहाला आडकाठी नव्हती. काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरा विवाह केला. तत्पूर्वी पहिल्या पतीची मालमत्ता त्यांनी मुलीच्या नावे करून दिली. डॉ. सखाराम अर्जुन हे नामांकित डॉक्टर व वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक होते. १८८३ मध्ये मुंबईत निसर्ग-इतिहासाची जी प्रसिद्ध संस्था, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत जे दोन भारतीय होते त्यांपैकी ते एक. सावत्र बाप म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर जे चित्र उभे राहते, त्याच्याशी या माणसाचे काही साम्य नव्हते.

तरीही काळाची रीत चुकली नाही. वयाच्या अकराव्या वर्षी रखमाचे लग्न झाले. नवरा दादाजी भिकाजी, वय एकोणीस, डॉ. सखाराम यांच्याच नात्यातला. परिस्थितीने तो गरीब होता. त्याने घरजावई म्हणून राहावे, शिकावे आणि चांगला माणूस व्हावे, असे ठरले होते. त्याने शिक्षण सोडले आणि तो आपल्या मामाकडे राहायला गेला. इकडे मुलगी वयात आली तेव्हा गर्भाधानाचा आग्रह झाला, परंतु डॉ. सखाराम यांनी वैद्य म्हणून त्याला ठाम विरोध केला. कोवळ्या शरीरावर अकाली मातृत्वाचा काय परिणाम होतो, हे त्यांनी पाहिलेले होते. रखमा माहेरीच राहिली. लग्नानंतर तिची शाळा सुटली होती. पण मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके आणून ती घरी वाचू लागली. प्रार्थना समाजाच्या मंडळींत आणि आर्य महिला समाजात तिचे जाणे-येणे सुरू झाले. ज्या वयात मुलींना घराबाहेरचे जग दिसत नसे, त्या वयात तिने पुस्तकांतून ते पाहिले.

मार्च १८८४ मध्ये दादाजीने वकिलामार्फत नोटीस धाडली : बायकोला नांदायला पाठवा. रखमाबाई तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या. माझे आजचे वय तेच आहे, म्हणून हा आकडा वाचताना मी थांबले. मला कोणाची नोटीस आली तर मी काय करीन? आधी घाबरेन आणि मग घरचे म्हणतील ते करीन. रखमाबाईंनी जाणार नाही असे कळवले. दादाजीने हायकोर्टात दावा लावला. रखमाबाईंच्या नावावर वडिलांची मालमत्ता होती. हा दावा बायकोसाठी आहे की त्या मालमत्तेसाठी, अशी शंका त्या काळीही घेतली गेली. उलट, आईने व आजोबांनीच तिला भरीस घातले, असे दादाजीच्या बाजूचे म्हणणे होते. मुलीला स्वतःचे मत असू शकते, ही गोष्टच मुळी कोणाच्या ध्यानीमनी नव्हती.

या दाव्याच्या मागचा कायदा समजून घेण्याजोगा आहे. वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा हा दावा आपल्या धर्मशास्त्रातला नव्हे. तो इंग्लंडातल्या चर्चच्या न्यायालयांतून आलेला. तिथे वयात आलेली दोन माणसे संमतीने विवाह करीत आणि मग एकमेकांना सोडून गेली तर असा दावा लागे. तो इंग्रजांनी इथे आणला आणि अकरा वर्षांच्या मुलींच्या लग्नांना जोडला. त्यातला विपर्यास असा की १८८४ च्या कायद्याने इंग्लंडात अशा दाव्यात तुरुंगात टाकण्याची शिक्षा बंद झाली होती. हिंदुस्थानात मात्र हुकूम न पाळणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकत असे.

दावा चालू असताना १८८५ मध्ये डॉ. सखाराम वारले. पाठीशी उभा असलेला मोठा आधार गेला. त्याच वर्षी रखमाबाईंनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ अशा अर्थाचे टोपणनाव घेऊन बालविवाह आणि स्त्रियांची स्थिती यांवर पत्रे लिहिली. २१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल दिला. लग्नाच्या वेळी ही मुलगी अजाण होती, दोघांचा संसार कधी सुरूच झालेला नाही, तेव्हा तिला बळजबरीने नवऱ्याच्या घरी धाडता येणार नाही, असा त्याचा आशय होता. रखमाबाई जिंकल्या.

पण हा विजय टिकला नाही. निकालाविरुद्ध देशभर ओरड झाली. हिंदूंच्या विवाहसंस्थेत परक्या न्यायाधीशाने ढवळाढवळ केली, असा सूर उमटला. लोकमान्य टिळकांसारखा नेताही या प्रश्नात रखमाबाईंच्या विरुद्ध बाजूला होता. त्यांच्याविषयी आपल्या सर्वांच्या मनात आदर आहे आणि माझ्याही आहे; परंतु जे घडले ते लपवून चरित्र लिहिता येत नाही. बेहरामजी मलबारींसारखे सुधारक तिच्या बाजूने उभे राहिले. पंडिता रमाबाईंनी आपल्या इंग्रजी पुस्तकात तिच्या खटल्याची हकीकत जगापुढे मांडली. अपिलात, १८८६ मध्ये, मुख्य न्यायाधीशांनी पहिला निकाल फिरवून खटला परत पाठवला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला : नवऱ्याकडे जावे, नाहीतर सहा महिने तुरुंगवास भोगावा. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. जबरदस्तीच्या संसारापेक्षा त्यांना कैद पत्करली.

या तारखेच्या अवघ्या सहा दिवस आधी, २६ फेब्रुवारीला, पुण्यात डॉ. आनंदीबाई जोशी वारल्या होत्या. अमेरिकेत डॉक्टर होऊन आलेली एक मुलगी रुग्णसेवा सुरू होण्याआधीच गेली, आणि जी पुढे डॉक्टर होणार होती तिच्या नशिबी तुरुंग लिहिला जात होता. मला हा योगायोग विलक्षण वाटतो.

रखमाबाई तुरुंगात गेल्या नाहीत. त्यांच्या साहाय्यासाठी समिती स्थापन झाली, इंग्लंडातही त्यांच्या बाजूने लेख आले. अखेर जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दोन हजार रुपये घेऊन दादाजीने हक्क सोडला, आणि पुढच्याच वर्षी दुसरे लग्न केले. दोन हजार रुपयांत एका माणसाचे स्वातंत्र्य! कायद्याने जे दिले नाही ते पैशाने मिळवावे लागले. ज्या मुलीकडे दोन हजार रुपये नव्हते तिने काय करायचे, हा प्रश्न मागे उरतोच.

१८८९ मध्ये रखमाबाई इंग्लंडला निघाल्या. मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना उत्तेजन दिले. लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात शिकून १८९४ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. परत आल्यावर त्यांनी सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात काम केले. याच सुरतेत १८८१ मध्ये एका तरुण विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली होती (ती पुढे कमी केली गेली), आणि त्या खटल्यावरून आपल्या विदर्भातल्या, बुलढाण्याच्या, ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली होती. १९१८ मध्ये रखमाबाई राजकोटच्या जनाना हॉस्पिटलात गेल्या. सुमारे पस्तीस वर्षे रुग्णसेवा करून त्या निवृत्त झाल्या. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही.

त्यांच्या आयुष्यातला एक प्रसंग मला बरेच दिवस उमगत नव्हता. १९०४ मध्ये दादाजी वारल्यावर त्यांनी विधवेचा पांढरा वेष घेतला. ज्याच्याकडे नांदण्यापेक्षा तुरुंग बरा म्हटले, त्याच्यासाठी वैधव्य? आमच्या वर्गात यावर वाद झाला. कोणी म्हणाले, शेवटी रूढीच जिंकली. मला आता तसे वाटत नाही. त्यांचा झगडा बळजबरीशी होता. पांढरे लुगडे त्यांना कोणत्या कोर्टाने नेसवले नव्हते. पण मी खात्रीने काही सांगू शकत नाही. माणसाच्या मनातले सगळे चरित्रात सापडत नाही.

त्यांच्या खटल्याने जी चर्चा पेटली, तिचा १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला हातभार लागला. त्याने मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारा केले. बाराच! पण विवाहितेच्याही शरीराचा विचार कायद्याने केला. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीचे लग्नाचे वय चौदा ठरले, १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने पंधरा आणि १९७८ च्या दुरुस्तीने अठरा. १९५५ च्या त्याच कायद्याने देशभरातील हिंदू स्त्रियांना घटस्फोटाचा हक्कही मिळाला. तो कायदा मे महिन्यात अमलात आला आणि २५ सप्टेंबर १९५५ रोजी नव्वद वर्षांच्या रखमाबाईंनी देह ठेवला. आणि गंमत अशी की नांदायला येण्याचा दावा त्याच कायद्याच्या नवव्या कलमात राहिला, तो अजूनही आहे. मात्र त्यासाठी आता कोणाला तुरुंगात टाकता येत नाही.

माझ्या आईचे लग्न सोळाव्या वर्षी झाले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. रोज एस. टी. ने येते-जाते. एका संध्याकाळी तुरी निवडता निवडता मी आईला रखमाबाईंची सगळी गोष्ट सांगितली. कोर्ट, जज्ज, विलायत, सगळे. तिने ते शांतपणे ऐकले आणि एकच विचारले : इतकी वर्षे ती राहिली कुठे? मी म्हटले, माहेरी. मग तिला कोणी घालवून दिले नाही? मी म्हटले, नाही. आई बराच वेळ काही बोलली नाही.

तिच्या त्या प्रश्नाने मला जे शिकवले ते पुस्तकात नव्हते. रखमाबाईंचे धैर्य थोर होतेच. पण नाही म्हणून झाल्यावर रात्री निजायला एक घर लागते, आणि ते घर त्यांच्यासाठी उघडे राहिले. कायदा आज आपल्या बाजूने पुष्कळ आहे. घराचे दार उघडे ठेवणे मात्र आपल्या आईबापांच्या हाती आहे, आणि उद्या ते आपल्या हाती येणार आहे. मैत्रिणींनो आणि मित्रांनो, तो दिवस येईल तेव्हा रखमाबाईंची आठवण ठेवू या.