वेदनेशी झुंजलेला मल्ल : डॉ. जॉन बोनिका

जांभई देताना जबड्यात कट् असा आवाज येतो. मग घास चावताना कानशिलाजवळ कळ येऊ लागते. काही दिवसांनी तोंड पुरते उघडत नाही. असा रुग्ण आधी कानाच्या डॉक्टरकडे जातो, तेथून दंतवैद्याकडे आणि पुढे कधी मेंदुविकारतज्ज्ञाकडे. प्रत्येक जण आपापल्या हद्दीत शोध घेतो. क्ष-किरण चित्रात फारसे काही दिसत नाही आणि दुखणे तसेच राहते. अशा रुग्णाला आज निराळी वाट उपलब्ध आहे. दुखणे नेमके कसे निर्माण होते हे त्याला समजावून सांगायचे आणि त्याच्या जोडीने जबड्याचे बेताचे, नियमित व्यायाम शिकवायचे, अशी ती वाट. ही वाट एका माणसाने आखलेली नाही. मात्र ती ज्या विचारातून निघाली, तो विचार वैद्यकात रुजवण्याचे मोठे श्रेय एका मल्लाकडे जाते. त्याचे नाव डॉ. जॉन बोनिका.

बोनिका यांचा जन्म १६ फेब्रुवारी १९१७ रोजी इटलीतील फिलिकुडी या बेटावर झाला. सिसिलीच्या उत्तरेस समुद्रात असलेले हे बेट अगदी लहानसे. १९२७ च्या सुमारास हे कुटुंब अमेरिकेत न्यूयॉर्कला स्थायिक झाले. काही वर्षांतच वडिलांचे निधन झाले आणि घराचा भार कोवळ्या वयातील जॉनवर पडला. बूट पॉलिश करणे, वर्तमानपत्रे आणि फळे विकणे अशी कामे करीत त्याने शिक्षण चालू ठेवले. शाळेत असतानाच त्याला कुस्तीची गोडी लागली. डॉक्टर होण्याचे स्वप्न महाग होते आणि ते पुरे करण्याइतका पैसा याच अंगमेहनतीतून मिळणार होता.

मिलवॉकी येथील मार्क्वेट विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण घेत असताना बोनिका व्यावसायिक कुस्त्या करीत. सर्कशीत ताकदीचे प्रयोगही त्यांनी केले. वर्गातील सहाध्यायी आणि प्राध्यापक यांना हे कळू नये म्हणून ते मुखवटा घालून ‘मास्क्ड मार्व्हल’ या नावाने आखाड्यात उतरत. १९४१ मध्ये काही महिने लाइट हेवीवेट गटाचा जागतिक किताबही त्यांच्याकडे होता. मात्र या कमाईची किंमत शरीराने चुकती केली. बरगड्या मोडल्या, सांधे दुखावले, कान मोडले. कान मोडलेला पैलवान कोल्हापूरच्या तालमींना नवा नाही. पण तोच पैलवान पुढे जगाला वेदनेचे शास्त्र शिकवील, असे तेव्हा कुणाच्या मनातही आले नसेल.

१९४२ मध्ये ते डॉक्टर झाले आणि त्याच वर्षी एमा यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढल्या वर्षी पहिल्या अपत्याच्या जन्मावेळी एक प्रसंग घडला. त्या काळी प्रसूतीच्या वेळी ईथरची भूल देत. ती देताना एमा यांना उलटी झाली, श्वास कोंडला आणि त्या मृत्यूच्या दारापर्यंत जाऊन परतल्या. बोनिका तेथेच होते. श्वासमार्ग मोकळा करून त्यांनी पत्नीला वाचवले. पुढे त्यांनी भूलशास्त्र हेच आपले क्षेत्र निवडले आणि प्रसूतीवेदना सुरक्षितपणे कमी करण्याच्या पद्धतींवर आयुष्यभर काम केले.

दुसऱ्या महायुद्धात १९४४ पासून त्यांची नेमणूक वॉशिंग्टन राज्यातील मॅडिगन लष्करी रुग्णालयात झाली. भूलविभाग त्यांच्याकडे होता. युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या जखमा भरत होत्या. दुखणे मात्र थांबत नव्हते. कापून टाकलेल्या हातापायांतही काहींना आग होत असे. नसांमध्ये औषध टोचून काहींना आराम पडे, काहींना पडत नसे. बोनिका यांनी ग्रंथ चाळले. प्रमाण मानल्या गेलेल्या ग्रंथांच्या हजारो पानांत वेदनेच्या वाट्याला अगदी मोजकी पाने आली होती. वेदना हे रोगाचे लक्षण, रोग बरा झाला की ती आपोआप जाईल, अशी वैद्यकाची समजूत होती. ज्यांचा रोग गेला पण वेदना राहिली, त्यांच्यासाठी कुणाकडे उत्तर नव्हते.

तेव्हा त्यांनी एक साधी गोष्ट केली. अवघड रुग्णांविषयी ते इतर शाखांच्या डॉक्टरांचा सल्ला घेऊ लागले. मेंदूचा शल्यविशारद, अस्थिरोगतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ यांना एकत्र बसवून एकाच रुग्णाचा विचार करू लागले. एकाला जे दिसत नव्हते ते दुसऱ्याला दिसे. १९४७ पासून टॅकोमा येथील रुग्णालयात त्यांनी हीच पद्धत पुढे नेली आणि १९५३ मध्ये ‘द मॅनेजमेंट ऑफ पेन’ हा सुमारे दीड हजार पानांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. दीर्घकाळ टिकणारी वेदना हा स्वतंत्र विकार समजून तिच्यावर उपचार करावेत, हे त्यांचे म्हणणे या ग्रंथाने जगापुढे ठेवले.

१९६० मध्ये सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात ते भूलशास्त्र विभागाचे पहिले प्रमुख झाले. तेथे मेंदूचे शल्यविशारद लोवेल व्हाइट आणि परिचारिका डोरोथी क्रोली यांच्यासह त्यांनी अनेक शाखांचे वेदना चिकित्सालय उभारले. याच विद्यापीठात विल्बर्ट फोर्डायस हे मानसशास्त्रज्ञ काम करीत होते. त्यांचे निरीक्षण मोलाचे ठरले. दुखू लागेपर्यंत व्यायाम करायचा आणि दुखले की थांबायचे, असा क्रम ठेवला तर शरीर हळूहळू दुखण्याच्याच तालावर चालू लागते. म्हणून त्यांनी व्यायामाचे प्रमाण आधीच ठरवून दिले. आज इतके, पुढच्या आठवड्यात थोडे अधिक. थांबायचे ते ठरलेले प्रमाण पुरे झाले म्हणून, दुखले म्हणून नव्हे. वेदना आणि हालचाल यांची गाठ अशी सैल करता येते, हे सिएटलने दाखवून दिले.

१९६५ मध्ये रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मज्जारज्जूत वेदनेचे संदेश अडवणारे किंवा पुढे सोडणारे द्वार असते, असा सिद्धान्त मांडला होता. वेदना ही तारेतून सरळ मेंदूपर्यंत जाणारी घंटा नव्हे. वाटेत ती वाढते किंवा ओसरते, हा त्याचा आशय. विखुरलेल्या संशोधकांना एकत्र आणण्यासाठी बोनिका यांनी १९७३ मध्ये सिएटलजवळील इसाक्वा येथे सुमारे ३०० जणांची परिषद भरवली. तिच्यातून १९७४ मध्ये वेदना अभ्यासाची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. १९७९ मध्ये या संघटनेने वेदनेची व्याख्या केली. वेदना हा शरीराचा आणि भावनेचा एकत्रित अनुभव असून, ऊतींना प्रत्यक्ष इजा नसतानाही तो खराच असतो, हे त्या व्याख्येचे सार.

जबड्याचा सांधा हा बोनिका यांच्या संशोधनाचा मुख्य विषय नव्हता. मात्र त्यांचा विचार किती आवश्यक होता, हे या सांध्याइतके क्वचितच कुठे स्पष्ट होते. १९३४ मध्ये अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांनी कान आणि जबड्याच्या दुखण्याचे मूळ दातांच्या ठेवणीत सापडल्याचे सांगितले. त्यानंतर अनेक दशके दात घासून त्यांची उंची बदलणे, कवळ्या आणि टोप्या बसवणे, शेवटी सांध्यावर शस्त्रक्रिया करणे, असे उपचार झाले. यातले बरेचसे बदल कायमचे असत. दुखणे राहिले, तरी घासलेला दात परत येत नसे.

चित्र बदलण्यात पुन्हा सिएटलचा वाटा होता. दंतवैद्यकाबरोबर मानसशास्त्राचेही शिक्षण घेतलेले सॅम्युएल ड्वॉर्किन आणि त्यांच्या सहकारी लिंडा लरेश यांनी वॉशिंग्टन विद्यापीठातून १९९२ मध्ये जबड्याच्या विकारांच्या निदानाचे निकष मांडले. या निकषांना दोन अक्ष होते. पहिल्यावर स्नायू आणि सांधा. दुसऱ्यावर वेदनेमुळे जगण्यात आलेला अडथळा, चिंता आणि खिन्नता. दोन्ही तपासल्याशिवाय रुग्ण समजत नाही, असा त्याचा अर्थ. २०१४ मध्ये या निकषांची सुधारित आवृत्ती प्रसिद्ध झाली.

रुग्णाला आज काय सांगितले जाते? जबड्यातील नुसता आवाज, दुखत नसेल तर, अनेक निरोगी माणसांतही असतो. तो सांधा झिजल्याची खूण असतेच असे नाही. दिवसाचा बहुतेक वेळ वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकलेले नसावेत. ओठ मिटलेले, दात सुटे आणि जीभ टाळूशी विसावलेली, ही जबड्याची विश्रांती. कामाच्या ताणात दात आवळले जातात आणि स्नायू थकतात. दुखणे महिनोन्‌महिने राहिले की मज्जासंस्था हळवी होते आणि साध्या हालचालीलाही धोका समजून इशारा देऊ लागते. हे कळले की भीती ओसरते. भीती ओसरली की माणूस जबडा हलवायला तयार होतो. मग व्यायाम येतात : जिभेचे टोक टाळूला टेकवून तोंड सावकाश उघडणे-मिटणे, बोटांच्या हलक्या विरोधासमोर जबडा स्थिर धरणे, मान आणि खांद्यांची ठेवण सुधारणे, बेताने ताण देणे. नुसत्या माहितीचा परिणाम थोडा असतो आणि भीती मनात ठेवून केलेला व्यायाम अर्धवट सुटतो. दोन्हींची जोड म्हणूनच हवी.

२०२३ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये जबड्याच्या जुनाट वेदनेवरील आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध झाल्या. विचार-वर्तन उपचार, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली जबड्याचे आणि शरीराच्या ठेवणीचे व्यायाम, सांध्याची हाताने केलेली हालचाल, तसेच धीर देणे, माहिती देणे आणि घरी करायचे व्यायाम यांची ठाम शिफारस त्यांत आहे. दातांची ठेवण कायमची बदलणाऱ्या पट्ट्या आणि सांध्यातील चकती काढून टाकण्याची शस्त्रक्रिया यांच्या विरोधात तितकाच ठाम सल्ला आहे.

अर्थात प्रत्येक जबडेदुखी या वर्गातली नसते. गुटखा, सुपारी खाणाऱ्या माणसाचे तोंड उघडेनासे झाले तर तोंडाच्या आतील अस्तर कडक होण्याचा विकार असू शकतो आणि त्यातून कर्करोगाचा धोका संभवतो. सूज, ताप, बधिरपणा किंवा अपघातानंतरचे दुखणे असेल, श्रमाबरोबर जबडा आणि छाती दुखत असेल, अथवा पन्नाशीनंतर प्रथमच कानशील ठणकून चावताना जबडा दुखू लागला असेल, तर व्यायाम बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठावा.

बोनिका यांचे उत्तरायुष्य स्वतःच्या वेदनेसह गेले. आखाड्याने दिलेल्या दुखापतींपायी खुब्यांच्या आणि खांद्याच्या शस्त्रक्रिया त्यांना कराव्या लागल्या. तरीही व्याख्याने, प्रवास आणि लेखन चालू राहिले. १९८० ते १९८४ या काळात ते जागतिक भूलतज्ज्ञ महासंघाचे अध्यक्ष होते आणि १९९० मध्ये त्यांच्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती दोन खंडांत निघाली. १९९४ मध्ये एमा यांचे निधन झाले आणि त्यानंतर काही आठवड्यांतच, १५ ऑगस्ट १९९४ रोजी, बोनिकाही गेले. स्वतःची वेदना त्यांना पुरती घालवता आली नाही. पण दुखणे सांगणाऱ्या माणसावर विश्वास ठेवावा, त्याच्यासाठी अनेक तज्ज्ञांनी एका टेबलाभोवती बसावे आणि त्या टेबलावर रुग्णालाही जागा द्यावी, हा त्यांचा आग्रह टिकून राहिला. आरशासमोर उभे राहून जीभ टाळूला टेकवत सावकाश तोंड उघडणाऱ्या रुग्णाला बोनिका हे नाव बहुधा ठाऊक नसते. त्याच्या हाती दिलेल्या उपायामागे मात्र हा आग्रह असतो.