थिओडोर शुल्ट्झ : मानवी भांडवलाचा अभ्यासक

शिक्षणात खंड पडण्याचा अनुभव तुमच्यापैकी अनेकांना असेल. येथे आपण ज्या अर्थतज्ज्ञाचा परिचय करून घेणार आहोत, त्यांचे शालेय शिक्षणही आठवीनंतर थांबले होते. शिक्षणावरील खर्च ही गुंतवणूक आहे, हा विचार अर्थशास्त्रात रुजवणाऱ्यांमध्ये पुढे त्यांचेच नाव अग्रक्रमाने घेतले गेले.

थिओडोर शुल्ट्झ यांचा जन्म ३० एप्रिल १९०२ रोजी अमेरिकेतील दक्षिण डकोटा राज्यात, आर्लिंग्टनजवळच्या एका शेतकरी कुटुंबात झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात शेतावर माणसे कमी पडू लागली आणि वडिलांनी त्यांना शाळेतून काढले. माध्यमिक शाळेची पायरी ते चढलेच नाहीत. १९२१ मध्ये त्यांनी राज्याच्या कृषी महाविद्यालयात अल्प मुदतीच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला, पुढे तेथेच पदवी मिळवली आणि १९३० मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाची डॉक्टरेट संपादन केली.

त्यानंतर आयोवा स्टेट कॉलेजात अध्यापन करीत असता ते विभागप्रमुख झाले. १९४३ मध्ये त्यांच्या विभागातील एका संशोधकाने युद्धकाळात लोण्याऐवजी मार्गरिन वापरण्याचा पुरस्कार करणारी पुस्तिका लिहिली. दुग्धव्यावसायिक संतापले, त्यांच्या दबावापुढे महाविद्यालय नमले. संशोधनाच्या स्वातंत्र्याशी तडजोड करण्यापेक्षा शुल्ट्झ यांनी राजीनामा दिला आणि ते शिकागो विद्यापीठात गेले.

महायुद्धात उद्ध्वस्त झालेले जर्मनी आणि जपान हे देश अल्पावधीत कसे सावरले, या प्रश्नाने त्यांना विचारप्रवृत्त केले. कारखाने नष्ट झाले होते, परंतु लोकांचे ज्ञान आणि कौशल्य शिल्लक होते. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनचे अध्यक्ष म्हणून १९६० मध्ये केलेल्या भाषणात त्यांनी मानवी भांडवलाची कल्पना सविस्तर मांडली. मराठीत भांडवल हा शब्द उच्चारताच आपल्या मनात पैसा येतो. माणसाला असे नाव देणे अनेकांना खटकेल, याची शुल्ट्झ यांना जाणीव होती. मात्र शिक्षण व आरोग्य यांमुळे माणसासमोरील पर्याय वाढतात, म्हणून या विचाराने माणसाची प्रतिष्ठा उणावत नाही, अशी त्यांची भूमिका होती.

१९६४ च्या ट्रान्सफॉर्मिंग ट्रॅडिशनल अ‍ॅग्रिकल्चर या ग्रंथात त्यांनी गरीब देशांतील शेतीचा विचार केला. ग्वाटेमालातील पानाहाचेल आणि उत्तर प्रदेशातील सेनापूर येथील अभ्यासांच्या आधारे त्यांनी दाखवले, की पारंपरिक शेतकरी गरीब असला तरी हाती असलेली साधने तो काटेकोरपणे वापरतो. दोष त्याच्या आळसाचा वा अज्ञानाचा नाही. नवे बियाणे, नवे तंत्र आणि ते आत्मसात करण्यासाठी लागणारे शिक्षण त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

शेतीतील काही श्रमिक अतिरिक्त असतात आणि ते निघून गेले तरी उत्पादन घटत नाही, हे त्या काळचे प्रचलित मत होते. ते खोडण्यासाठी शुल्ट्झ यांनी भारतातील १९१८-१९ च्या इन्फ्लुएंझा साथीचा दाखला घेतला. साथीत माणसे गेली आणि पेरणीचे क्षेत्रही घटले, असे त्यांनी आकडेवारीतून मांडले. या पुराव्यावर १९६७ मध्ये अमर्त्य सेन यांनी आक्षेप घेतला. साथीतील मृत्यू सर्व कुटुंबांत सारखे विभागलेले नसतात. तेव्हा त्यांवरून अतिरिक्त श्रमाविषयी निष्कर्ष काढणे कितपत योग्य, हा त्यातील मुद्दा होय. चरित्र वाचताना अशा मतभेदांचीही नोंद घ्यावी.

१९७९ मध्ये शुल्ट्झ यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे सहमानकरी आर्थर लुईस हे अतिरिक्त श्रमाच्या सिद्धान्ताचेच प्रमुख प्रवर्तक होते. २६ फेब्रुवारी १९९८ रोजी शुल्ट्झ यांचे निधन झाले. गरिबाला अडाणी ठरवण्यापूर्वी त्याच्यासमोर कोणते पर्याय होते ते तपासावे, ही त्यांच्या संशोधनाची शिकवण आहे. शिक्षणाकडे पुन्हा वळलेल्या तुम्हाला तिचे मोल वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.